बाबांनी दिलेली पॉवर

पॉवर हा शब्द मला सहन होत नाही. कुणी तो चारचौघांत छाती फुगवून उच्चारला की माझं डोकं फिरतं, आणि केस पिकायला लागले तरी फिरतं, याची मला लाज वाटत नाही. माझी मुलगी म्हणते, आई, शब्दावर कसलं रागवायचं, शब्दानं तुझं काय घोडं मारलंय? तिला सांगायचं म्हणून हे लिहायला बसले आहे. शांतपणे लिहीन असं मात्र मी तिला कबूल केलेलं नाही.

तोंडवलीच्या आमच्या घरात इंग्रजी शब्द मोजकेच होते, पण हा एक दिवसातून चारदा यायचा. बाबांच्या चष्म्याची पॉवर दरवर्षी वाढायची. डॉक्टरनं दिलेली गोळी 'ज्यास्त पॉवरची' असली की आई ती अर्धी करून द्यायची. बर्फाच्या कारखान्यात पॉवर नसली की बर्फ नाही, मग आई डोक्यावर टोपली घेऊन ऊन चढायच्या आत मासे खपवायला पळायची. लांबून ट्रॉलरचा घरघराट ऐकू आला की बाबा भाकरीचा तुकडा हातात धरून क्षणभर थांबायचे आणि इंजिन किती पॉवरचं ते सांगायचे. एकदाही चुकायचे नाहीत. गावात कुणाची किती पॉवर चालते याची चर्चा तर दुकानाच्या बाकावर रोजच. आमच्या हायस्कूलच्या इंग्रजीच्या बाईंना शब्दांच्या मागे लागायची खोड होती. त्यांनी एकदा फळ्यावर हा शब्द लिहून सांगितलं होतं, की इंग्रजीनं तो जुन्या फ्रेंचकडून घेतला आणि फ्रेंचनं लॅटिनकडून, आणि मुळात त्याचा अर्थ हुकूमबिकूम काही नाही, नुसतं 'करता येणं'. 'पॉसिबल' त्याच घरातला, आणि आपला संस्कृतातला 'पती' त्याचा लांबचा नातेवाईक. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मगे माझ्या पतीक म्हणजे तुझ्या बापाशीक सांग, पॉवर आसा तर विहिरीचो रहाट दुरुस्त कर." बाबा हसले आणि रहाट तसाच राहिला. गणिताचे सर याच शब्दाला घात म्हणायचे, दोनाचा तिसरा घात आठ, आणि मला तेव्हा त्यात काहीच खटकलं नव्हतं.

आमचं घर जांभ्या दगडाच्या चार खोल्यांचं. मागे विहीर, विहिरीपलीकडे माड, माडांपलीकडे सुरूची झाडं, आणि त्यातून थेट समुद्रापर्यंत गेलेली आमची वाळूची पट्टी. आजोबांच्या नावाची. कागदावर ती आमची होती, पण तिच्यावर राहायची रापण. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते अर्धगोल टाकून येते आणि दोन्ही टोकांचे दोर तीस-चाळीस माणसं वाळूत पाय रोवून ओढतात. दोराला ज्यानं हात लावला त्याला वाटा, मग तो म्हातारा असो की शाळेतून परस्पर आलेला पोर. पहाटे अंथरुणात असतानाच मला त्यांचा एका सुरातला हुंकार ऐकू यायचा आणि मी दात घासायच्या आधी धावत सुटायचे. परत यायचे ती चड्डीपर्यंत भिजून, हातात दोन पेडवे घेऊन. आई ते चुलीच्या निखाऱ्यावर टाकायची आणि उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर द्यायची. बांगडा जास्त मिळाला की तिरफळं घालून तिखलं. त्या तिखल्याचा वास केसांत बसायचा, वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या आणि दुपारी माझ्याच डब्यावर तुटून पडायच्या.

बाबा रापणीचे तांडेल होते. जाळं कधी टाकायचं, कुठे टाकायचं, वाटे कसे घालायचे, हे तांडेल ठरवणार आणि त्यावर कुणी चकार शब्द काढणार नाही. पण ही सत्ता एका हंगामापुरती. नारळी पौर्णिमेला सगळे आमच्या पट्टीवर जमायचे, सगळ्यांत वयस्कर माणूस देवाला गाऱ्हाणं घालायचा आणि तांडेलाच्या हातात नारळ द्यायचा. पावसाआधी होड्या वर ओढल्या की तांडेल सगळ्यांसमोर नारळ परत करायचा. त्या घटकेपासून तो चाळिसांतला एक. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याच हातात दिला तर दिला. बाबांच्या हातात तो बरीच वर्षं आला आणि बाबांनी दरवर्षी तो परत केला, एकदाही विसरले नाहीत, एकदाही लांबवलं नाही. कुणाला काही द्यायचं आणि ते परत घ्यायचं याची बाबांना माहीत असलेली रीत ही एवढीच होती.

आता आबाकाका. बाबांचे थोरले भाऊ. मुंबईला गोदीतल्या कुठल्याशा कचेरीत कारकून होते आणि चतुर्थीला बायकोमुलांसह यायचे. बाबा त्यांना दादा म्हणायचे आणि त्यांच्यासमोर कधी खुर्चीत बसायचे नाहीत. काका आले की घरात मुंबईची मराठी सुरू व्हायची, खोबरेल तेलाऐवजी पावडरीचा वास यायचा, आणि आई काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात तिखट कमी घालायची, कारण काकूंना सोसत नसे. मी दहावी झाले त्या वर्षी काका निवृत्त होऊन आले आणि आरती झाल्यावर पिशवीतून एक कागद काढला. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली तरी सातबारावर त्यांचंच नाव होतं. वारस लावायचे, मोजणी करायची, म्हणजे मालवण आणि ओरोसला खेटे. "तू जाळां सोडून खंय फिरतलंस? मी आता रिकामोच आसंय. तू फक्त माका पॉवर दी," काका म्हणाले. कागद इंग्रजीत टाइप केलेला होता, स्टँपपेपरवर, बाबांच्या वतीनं सही करायचा अधिकार काकांना देणारा.

बाबांनी तो माझ्याकडे दिला. घरात इंग्रजी येणारी मी एकटी, दहावीला इंग्रजीत शाळेत पहिली आलेली, त्यामुळे माझीही मान ताठ झाली. मी वाचला. अर्धा कळला नाही हे कबूल करायची लाज वाटली म्हणून भराभर वाचला. पण एक गोष्ट मला दिसली आणि मी विचारली, हे आज सांगायला मला बरं वाटतं. मी म्हटलं, "काका, हे कधीपर्यंत? यात तारीख नाही." काका हसले. "अगो, काम झाला की संपला." बाबा म्हणाले, "हंगामापुरतां, नाय रे दादा?" काका म्हणाले, "तर!" आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला, "हुशार आसा हां चेडू तुझा." मला त्या धपाट्याचा अभिमान वाटला. दोन दिवसांनी मालवणच्या कचेरीत जाऊन बाबांनी माझ्यासमोर सही केली. घरी आल्यावर काकांना पट्टीवर नेलं, रापणीच्या माणसांना बोलावलं, आणि दादाच्या हातात नारळ दिला. पॉवर दिली ती अशी. कचेरीत झालं ते बाबांच्या लेखी नुसतं सरकारी काम होतं.

काकांनी काम केलं, हे मी नाकारत नाही. मे महिन्यात ते आले, नवा सातबारा घेऊन, त्यावर दोघा भावांची नावं. होड्या वर ओढायचा दिवस होता. बाबांनी आपला नारळ रापणीला परत केला, आणि मग काकांकडे वळून म्हणाले, "दादा, काम झाला. आता माझी पॉवर माका दी." चाळीस माणसं उभी होती. आई होती, मी होते, काकू छत्री धरून सुरूच्या सावलीत होत्या. काका पुढे झाले, वाकून नारळ दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि बाबांना दिला. बाबांनी घेतला. काकांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहते, की ते पाणी खरं होतं का, आणि दर वेळी माझा निकाल वेगळा येतो. कागद मात्र मुंबईला त्यांच्या कपाटात होता आणि तिथेच राहिला.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी मी कॉलेजला जायला लागले होते तेव्हा, एका सकाळी विहिरीमागे जेसीबीचा आवाज आला. मी आणि आई धावलो. सुरूची चार झाडं आडवी पडली होती आणि माणसं सिमेंटचे खांब पुरत होती. रापणीचं जाळं कुणीतरी ओढून एका बाजूला ढीग करून टाकलं होतं, त्याच्यावरून चाक गेलेलं होतं. बाबा तिथे उभे होते, हातात काहीच नव्हतं. शर्ट इन केलेला एक तरुण अगदी आदबीनं त्यांना कागद दाखवत होता. पट्टी एका हॉटेलवाल्याला विकली गेली होती. विकणारे दोघं भाऊ, आणि दोघांच्याही वतीनं सही एकाचीच. तो तरुण म्हणाला, "काका, तुम्हीच तर पॉवर दिलीय." बाबा त्याला समजावत होते, "दिललंय, पण परत घेतलंय ना. सगळ्यांका इचारा." तो मुलगा सगळ्यांकडे पाहत होता आणि त्याला काही कळत नव्हतं. त्याचा दोष नव्हता. माझा राग त्याच्यावर नाही, त्या हॉटेलवाल्यावरही तितका नाही, जरी आज त्याच्या जेवणघराच्या भिंतीवर शोभेला जाळं टांगलंय आणि ते पाहून मला ओकारी येते.

मी बाबांना घेऊन मालवणच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "पॉवर रद्द केल्याचं रद्दपत्र आहे का?" बाबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि सुरुवातीपासून सांगितलं. हंगाम, रापण, नारळ, चाळीस माणसं. मालवणीत सांगायला लागले, मग कचेरी आहे म्हणून अडखळत शुद्ध बोलायला लागले, त्यात ते आणखीच केविलवाणे वाटायला लागले. मागच्या टेबलावरचा एकजण हसला. दुसरा म्हणाला, "म्हणजे नारळ रजिस्टर केला नाही तुम्ही." मग सगळेच हसले. साहेब बाहेर आले, ते हसले नाहीत, पण म्हणाले, "हे माझ्या पॉवरमध्ये येत नाही, तुम्ही कोर्टात जा." बाबा त्यांनाही हात जोडून 'बरां' म्हणाले. मी बाबांच्या त्या जोडलेल्या हातांवर चिडले. बाहेर आल्यावर एस.टी. स्टँडवर, लोकांसमोर, मी त्यांना म्हटलं, "तुम्ही अडाणी आहात." बाबा म्हणाले, "व्हय."

आणि चतुर्थीला आबाकाका आले! मला वाटलं होतं येणार नाहीत, तोंड दाखवणार नाहीत. पण आले, बायकोमुलांसह, मिठाईचा खोका घेऊन, दरवर्षीसारखे. गणपती दोघा भावांचा, त्यामुळे बाबांनी दार अडवलं नाही. आईनं आंबोळ्या घातल्या, पण सांबाऱ्यात तिखट असं घातलं की काकूंचे डोळे भरून आले. आमच्या घरातला त्या वर्षीचा उघड निषेध तेवढाच. काका पडवीत पान लावत बसले आणि बाबांना म्हणाले, "तुझो वाटो मी बाजूक ठेवलंय. कधीय घे. आणि मी जा केलंय ता सगळ्यांच्या बऱ्यासाठी. वाळू खावन कोण जगता?" मग माझ्याकडे बघून काका हसत म्हणाले, "आणि नारळ म्हणजे काय कायदो न्हय, गो. तू तरी शिकलंस मा?"

मी उठून उभी राहिले. मी म्हटलं, "काका, नारळ म्हणजे कायदो न्हय, ह्या तुमका माहीत होता. बाबांका माहीत नव्हता. म्हणान तर तुम्ही तो इतक्या बऱ्या मनान परत केलास." काकांच्या हातातलं पान तसंच राहिलं. आतून आई बाहेर आली. एवढ्यात बाबा ओरडले, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, "गप रव! देव घरात आसा." आणि काकांना म्हणाले, "दादा, आरतीची वेळ झाली." काकांनी आरती केली. बाबांनी टाळ वाजवले. मी मागच्या दारी विहिरीवर जाऊन बसले आणि तोंडात येतील तितक्या शिव्या घातल्या, आधी काकांना आणि मग बाबांना.

चाळीस माणसं साक्ष द्यायला तयार होती. मालवणला एक वकील भेटले. ते म्हणाले, दावा सोपा नाही पण उभा राहील, मुदतीत घालायला हवा, वडिलांची वकीलपत्रावर सही आणा. मी ते वकीलपत्र घरी आणलं आणि बाबांसमोर ठेवलं. बाबांनी चष्मा लावून मराठीतलं सगळं वाचलं, एक ओळ न सोडता. मग घडी घालून परत दिलं. म्हणाले, "मी दादाच्या विरोधात कोर्टात उभो ऱ्हवचंय नाय." मी रोज ठेवायचे, ते रोज घडी घालून द्यायचे. मी म्हटलं, रापणीचं काय? रापण आता पलीकडच्या वाडीच्या किनाऱ्यावर ओढायची होती, तिथल्या लोकांच्या मेहरबानीवर, आणि निम्मी माणसं तिकडे जायची बंदच झाली होती. मी म्हटलं, आईचं काय, माझं काय? बाबा म्हणाले, "शपथ घेवन, चारचौघांत, भावाक खोटारडो म्हणूक माका जमाचा नाय, बाय." ज्या हातानं न वाचता एकदा सही केली होती तो हात आता वाचून सही करायला तयार नव्हता. मला वाटलं, या माणसाला धरून गदागदा हलवावं. आजही कधी कधी तसंच वाटतं.

मुदत संपत आली होती. मग मी ते केलं. माझ्या कॉलेजच्या वहीत, मागच्या पानांवर, बाबांची सही गिरवली. सोपी होती, बाबा सातवी शिकलेले, अक्षर मोठं आणि सरळ. तीन दिवसांत हुबेहूब यायला लागली. चौथ्या दिवशी मी वकीलपत्रावर बाबांच्या नावाची सही केली आणि वकिलांना नेऊन दिली. मला अपराधी वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आता कुठे या घरात कुणीतरी काहीतरी करतंय. आईला सांगितलं नाही. वकील म्हणाले, आता फक्त एकदा वडिलांना घेऊन या, प्रतिज्ञापत्र करावं लागेल. मी बाबांना म्हटलं, वकील नुसते बोलायचं म्हणतायत, एकदा भेटा, पुढे तुमची मर्जी. मला खात्री होती, की तिथे सगळं तयार दिसलं की बाबा नाही म्हणणार नाहीत. कचेरीत, टेबलापलीकडच्या माणसासमोर, बाबा कधीच नाही म्हणत नाहीत, हे मी दोनदा पाहिलं होतं. मी त्याच्यावरच भिस्त ठेवली होती.

वकिलांच्या खोलीत पंखा फिरत होता. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले. वकिलांनी फाइल उघडली आणि वकीलपत्र पुढे सरकवलं. "ही तुमची सही. आता इथे आणि इथे करा." बाबांनी चष्मा लावला. सहीवर बोट ठेवलं आणि अक्षरांवरून हळूहळू फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही, उलट डोळ्यांनी त्यांना सांगत होते, करा, करून टाका. बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि वकिलांना अगदी स्वच्छ, शुद्ध मराठीत म्हणाले, "नाही साहेब. ही माझी सही नाही." वकिलांनी माझ्याकडे बघितलं, फाइल बंद केली, आणि पुढच्या माणसाला आत बोलवायला सांगितलं.

दावा झाला नाही. मुदत गेली, पट्टी गेली. स्टँडपर्यंत बाबा माझ्यापुढे चालत होते. मी मागून बडबडत होते, की तुमच्यासाठी केलं, आईसाठी केलं, रापणीसाठी केलं, तुम्ही करत नव्हता म्हणून करावं लागलं, आणि काकांनी एवढं लुटलं त्यांना तुम्ही आरती करायला देता आणि मला परक्या माणसासमोर खोटी पाडता. बाबा थांबले. वळले नाहीत. रस्त्यावर मासळीचा टेंपो चालला होता, तो जाईपर्यंत थांबले.

"दादान निदान माका इचारल्यान तरी होता गो," म्हणाले, आणि चालायला लागले.